इंग्रजी शिकायची ती कोणाच्या पुस्तकातून?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)





समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'विहारातील इंग्रजी वर्ग'. वस्तीत या वर्गाबद्दल बरेच बोलले जाते. "पन्नाशी उलटली, आता ए बी सी डी कशाला?" असे काहीजण विचारतात. काहीजण म्हणतात, "हे लोक इंग्रजी शिकतात का अमेरिकेचा इतिहास शिकतात?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर आज एकदाच देऊन टाकतो. आम्ही इंग्रजी शिकतो, आणि ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या प्रवासाच्या इतिहासातून शिकतो. का, ते ऐका.

बाजारातले इंग्रजीचे पुस्तक उघडा. पहिल्या पानावर काय असते? हा पेन आहे, ते टेबल आहे, माझे काका बागेत आहेत. आमच्यापैकी कोणाच्या काकाला बाग होती? ते वाक्य पाठ होते आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाते, कारण त्याचा आमच्या जिवाशी काही संबंध नाही. खरे म्हणजे आम्हा गिरणी कामगारांना इंग्रजी शाळेआधी भेटली ती नोटीसबोर्डावर. ले-ऑफ, रिट्रेंचमेंट, क्लोजर. हे शब्द आम्हाला कोणी शिकविले नाहीत, पण त्यांचा अर्थ पोटाला कळला. तेव्हाच लक्षात आले की शब्द अंगावर आला की पाठ करावा लागत नाही. म्हणून आम्ही ठरविले की ज्या माणसांच्या अंगावर इंग्रजी शब्द आले आणि ज्यांनी ते शब्द परतवून लावले, त्यांच्याकडूनच ही भाषा शिकावी.

आणि हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या ज्या सद्गृहस्थांनी काळ्यांची गुलामी मोडून काढण्यासाठी त्याग केला त्यांना अर्पण केला. पुणे कुठे, अमेरिका कुठे! त्या काळी ना टीव्ही, ना टेलिफोन. तरी तिकडची साखळी तुटल्याचा आवाज जोतीरावांनी इकडे ऐकला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्या जनतेच्या वतीने युनोकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे हा रस्ता आधीच पडलेला आहे. आम्ही फक्त त्यावरून चालतो आहोत.

आता वर्गात काय शिकलो ते थोडक्यात सांगतो.

आमचा पहिला धडा फ्रेडरिक डग्लस. हा माणूस गुलाम म्हणून जन्माला आला. गुलामांना अक्षर कळू नये याची तिकडे फार काळजी घेत. साऊथ कॅरोलिनात गुलामाला लिहायला शिकविण्याविरुद्ध १७४० सालीच कायदा होता. शंबुकाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा हे वेगळे समजावून सांगायला नको. डग्लस लहानपणी बाल्टिमोर शहरात एका घरी होता. मालकिणीने कौतुकाने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाला कळले तसे त्याने बंद पाडले. त्याचे म्हणणे असे की हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने ते ऐकले आणि पक्के ओळखले, हा ज्याला भितो तीच सुटकेची वाट आहे! मग त्याने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे द्यायचे आणि बदल्यात अक्षरे घ्यायची असे चालविले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, दुसऱ्याचे कागद खिशात घालून तो आगगाडीत बसला आणि पळाला. आधी अक्षर, मग प्रवास, मग मुक्ती. पण पुढे? उत्तरेत, जिथे गुलामी नव्हती तिथे, १८४१ साली त्याला गोऱ्यांच्या डब्यातून उठविले. त्याने बाक असा धरून ठेवला की ओढणाऱ्यांनी त्याला बाकासकट ओढले. तो दिवस आम्ही 'सीट' हा शब्द शिकलो. इतके दिवस 'सीट' म्हणजे बसायची जागा एवढेच माहीत होते.

दुसरा धडा एका लहानशा शब्दाचा, 'बट'. म्हणजे 'पण'. लुइझियाना राज्याने १८९० साली कायदा केला की रेल्वेत गोऱ्यांचे डबे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. कायद्यातले शब्द होते, 'इक्वल बट सेपरेट'. समान, पण वेगळे. बंधूंनो, हा 'पण' आपल्या किती ओळखीचा आहे! "तुम्ही काय परके आहात का, पण चहा बाहेरच्या कपात घ्या." "पोरगं हुशार आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय येणार हे ऐकायच्या आधीच आपल्याला कळते. व्याकरणाचे पुस्तक म्हणते 'बट' दोन वाक्ये जोडतो. आमचा अनुभव असा की तो पहिले वाक्य खाऊन टाकतो.

त्या कायद्यात आणखी एक कलम होते. गोऱ्या लेकराला सांभाळणारी काळी दाई त्या लेकरासोबत गोऱ्यांच्या डब्यात बसली तर चालेल! म्हणजे नोकर म्हणून शेजारी बसलेली चालते, तिकीट काढून उतारू म्हणून बसलेली चालत नाही. तेव्हा विटाळ कातडीचा नव्हता, बरोबरीचा होता. आमच्या वर्गातल्या, घरकाम करणाऱ्या एका बहिणीने हे ऐकून एवढेच म्हटले, "आमच्या हातचं धुतलेलं भांडं चालतं, आम्ही त्यात खाल्लेलं चालत नाही." आम्हाला वाटते, त्या कलमावर यापेक्षा चांगले भाष्य कुठल्या वकिलाला जमणार नाही.

या कायद्याविरुद्ध न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी समिती काढली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा माणूस पहिल्या वर्गाचे तिकीट काढून मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. हा कोणी बॅरिस्टर नव्हता. बूट शिवणारा कारागीर होता. त्याला अटक झाली. खटला चार वर्षे चालला आणि १८ मे १८९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने निकाल दिला की कायदा बरोबर आहे. तो एक विरोधी न्यायमूर्ती म्हणजे जॉन मार्शल हार्लन, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातला. त्याने बजावले की राज्यघटनेला माणसाचा रंग दिसत नाही. पण एकाचे मत सातांपुढे चालले नाही. प्लेसीने २५ डॉलर दंड भरला. शाळांपुरता हा 'समान पण वेगळे'चा डोलारा १९५४ साली कोसळला. आणि प्लेसीला? लुइझियानाच्या गव्हर्नरने माफी दिली ती ५ जानेवारी २०२२ रोजी. एकशे तीस वर्षांनी! अपराध कोणाचा आणि माफी कोणाला, याचा तुम्हीच विचार करा.

तिसरा धडा बसचा. माँटगोमेरी शहर, अलाबामा राज्य. तिथल्या बसमध्ये पुढच्या दहा सीटा गोऱ्यांच्या. काळ्या उतारूने पुढून चढायचे, भाडे द्यायचे, पुष्कळदा पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे. कधी कधी तो मागच्या दाराशी पोचायच्या आत बस सुटायची. पैसे पुढच्या दाराने गोड, माणूस मात्र मागच्या दाराने! १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या दुकानात शिवणकाम करणाऱ्या बाई कामावरून घरी चालल्या होत्या. ड्रायव्हरने गोऱ्यासाठी उठायला सांगितले. बाई उठल्या नाहीत. अटक झाली, दंड झाला. लोक समजतात बाई पाय दुखत होते म्हणून बसून राहिल्या. तसे नाही. त्या बरीच वर्षे चळवळीचे काम करीत होत्या. त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनेही याच शहरात जागा सोडायला नकार दिला होता. तिचे नाव पुष्कळांना माहीत नसते, म्हणून आम्ही वर्गात तिचे नाव आधी घेतो. पुढे बसच्या खटल्यात वादी म्हणून ज्या चार स्त्रियांची नावे शेवटी निकालावर आली, त्यात ती एक.

रोझाबाईंच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजात शिकविणाऱ्या बाईंनी रात्र जागून हजारो पत्रके काढली. ५ डिसेंबरपासून काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग पुढारी झाले. ३८१ दिवस लोक पायी गेले, एकमेकांच्या मोटारीतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. न्यायालयाचा निकाल लागला आणि २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक बसमध्ये वाटेल त्या जागी बसले.

या धड्याचा शब्द 'बॉयकॉट'. हे एका माणसाचे आडनाव आहे. आयर्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट. १८८० साली कुळांनी, मजुरांनी, दुकानदारांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. त्यावरून शब्द झाला. मराठीत बहिष्कार. आता पाहा, बहिष्कार हा शब्द आपल्यावर चालविलेले हत्यार होते. गावाने महारवाड्यावर बहिष्कार टाकायचा, दुकान बंद, दळण बंद, वाट बंद. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्र काढले त्याचे नावच 'बहिष्कृत भारत'. तेच हत्यार माँटगोमेरीच्या मोलकरणींनी आणि मजुरांनी मूठ फिरवून हातात घेतले. शब्द तोच असतो बंधूंनो, मूठ कोणाच्या हातात आहे ते बघावे लागते.

आणि कायदा झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या उतारूंसाठी बसस्थानकावरची खानावळ आणि बसायची खोली सर्वांना खुली, असा निकाल १९६० साली लागला. पण पाट्या तशाच होत्या. म्हणून ४ मे १९६१ रोजी तेरा काळे-गोरे स्त्रीपुरुष वॉशिंग्टनहून बसने निघाले, निकाल खरा की खोटा ते बघायला. ॲनिस्टन गावाजवळ जमावाने बस पेटवली. तरी पुढच्या तुकड्या निघत राहिल्या. शेवटी १ नोव्हेंबर १९६१ पासून पाट्या काढण्याचा नियम लागू झाला. आपल्याला महाड आठवते की नाही? कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने तळे खुले केले १९२४ साली. कागदावर पाणी खुले होते. ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा.

बाबासाहेबांचा स्वतःचा प्रवासही आम्ही इंग्रजीतूनच वाचला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे लिखाण. १९०१ साली लहानगे भीमराव घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. चांगले कपडे, खिशात पैसे. पण जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार! वाटेत पाणी मिळाले नाही. माँटगोमेरीत भाडे सारखे आणि जागा मागची. इकडे भाडे दुप्पट आणि गाडीवानही स्वतःच व्हायचे. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. आपल्याच मुलुखात एका बैलगाडीत बसण्यासाठी ज्याला परवान्याची वाट बघावी लागली, त्याने ते नाव का दिले असेल, हे आमच्या वर्गात कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. त्या पुस्तिकेचे इंग्रजी सोपे आहे. आमच्यासारख्यांनी शब्दकोश जवळ घेऊन बसले तर हळूहळू वाचून होते.

आता काहीजण विचारतील, जात आणि वर्ण एकच आहेत का? नाहीत. काळ्याचा रंग लांबून दिसतो, आपल्याला आडनाव विचारतात. तिकडच्या गुलामाला बाजारात विकत, इकडे गावकुसाबाहेर ठेवत. दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत. पण दोन्हीकडे माणसाची जागा दुसऱ्याने ठरवली, आणि दोन्हीकडे अक्षर नाकारले. एवढे साम्य आम्हाला पुरेसे आहे.

आता शेवटचा धडा. आजच्या भाषणाचे सार यात आहे.

साऊथ कॅरोलिनात चार्ल्स्टन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथे इसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बस चालवीत. बेटावरच्या मजुरांना, मोलकरणींना सकाळी शहरात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. त्या काळी मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांच्या आजा-पणजाला वाचू दिले नाही, त्यांनाच आता विचारायचे, वाचता येते का? नाही? मग मत नाही! ॲलिस वाईन नावाच्या बाईंनी जेंकिन्सना म्हटले, आम्हाला वाचायला शिकवा, आम्ही नाव नोंदवतो. आणि जेंकिन्स बसमध्येच शिकवू लागले. जाता-येता राज्यघटना वाचायची, अर्थ सांगायचा. ज्या देशात बसची मागची सीट म्हणजे अपमान, त्या देशात एक बस शाळा झाली!

पुढे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने ते काम वाढविले. चळवळीच्या संघटनेचे सभासदत्व सोडले नाही म्हणून १९५६ साली त्यांची सरकारी शाळेतली नोकरी गेली होती. जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिला वर्ग भरला. पुढे किराणा दुकान आणि मागे वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन, केशभूषेचे काम करणारी बाई. मुद्दामच शिक्षक नेमला नाही, कारण शिक्षक आला की मोठी माणसे संकोचतात. पहिल्या वर्गाला चौदाजण. रॉबिन्सनबाईंनी आधी लहान मुलांची पुस्तके आणली. मग बघितले, हे मोठ्यांच्या कामाचे नाही. पुस्तके बाजूला ठेवून विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणी म्हणाले, स्वतःचे नाव लिहायचे. कोणी म्हणाले, बायबल वाचायचे. कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तोच अभ्यासक्रम झाला. आणि भिंतीवर युनोचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, वर्ग संपेपर्यंत हे वाचायचे म्हणून. असे वर्ग पुढे दक्षिणेत ठिकठिकाणी निघाले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला, त्यामागे या पाटी-पेन्सिलीचाही वाटा आहे.

माता-भगिनींनो, आमचा इंग्रजी वर्ग म्हणजे हीच रीत. आज आपली लेकरे इंग्रजी शाळेत जातात याचा आनंद आहे. पोटाला चिमटा घेऊन फी भरतो. पण पालकसभेला आईबाप मागच्या बाकावर गप्प बसतात. पोरगं घरी येऊन इंग्रजीत बोललं की बाप उठून बाहेर जातो, कौतुकानेही आणि संकोचानेही. एकाच खोलीत दोन डबे होत आहेत, शिकलेल्यांचा वेगळा आणि न शिकलेल्यांचा वेगळा. हा 'सेपरेट' आपल्या घरात कोणी कायदा करून आणलेला नाही, म्हणून तो मोडायला कोर्टात जायला नको. लेकराच्या शेजारी बसून त्याचे पुस्तक उघडले तरी पुरे.

तरुणांनाही एक सांगणे आहे. इंग्रजी येते म्हणून मराठीतल्या आजीला अडाणी समजू नका. भाषा ही शिडी आहे, तिचे सोवळे करू नका. वर चढल्यावर शिडी ओढून घेणारे आपल्या देशात पूर्वीपासून पुष्कळ आहेत, त्यात आपली भर नको.

आमचा वर्ग दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ याच विहारात भरतो. फी नाही. ज्याला येते त्याने पुढे उभे राहायचे नाही, शेजारी बसायचे. प्रत्येकाने एक शब्द आणायचा, कामावरचा, रेशनच्या फॉर्मवरचा, दवाखान्याच्या कागदावरचा, मोबाईलवर आलेला. तो शब्द आपल्याला काय करू पाहतो ते आधी बघायचे, मग स्पेलिंग. आयाबायांसाठी पुढची रांग राखून ठेवली आहे. आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आम्ही संविधानाची उद्देशिका इंग्रजीत लावली आहे. पुढच्या वर्धापनदिनी ती या व्यासपीठावरून वर्गातल्या सर्वांत वयस्कर बहिणीने वाचून दाखवावी असे आम्ही ठरविले आहे. त्यांचे वय एकाहत्तर आहे आणि 'सॉव्हरिन' या शब्दापर्यंत त्या पोचल्या आहेत.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!